खालाची पन्नासची लेन्स

माझा कॅमेरा एका कंपनीचा आहे आणि त्यावर बहुतेक वेळा असते ती लेन्स दुसऱ्याच कंपनीची, माझ्या वयाहून जुनी. दोघांच्या मध्ये एक काळी धातूची रिंग लागते. लग्नघरात एखादा व्हिडिओवाला ते पाहून विचारतो, "मॅडम, हा काय जुगाड?" मी नुसती हसते. सांगायचं तर बसून सांगावं लागेल, आणि लग्नात बसायला वेळ कोणाला असतो? म्हणून इथं सांगते.

दारव्ह्यात माझ्या नवऱ्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मी शेतकऱ्याची मुलगी. माहेरी कपाशी, सोयाबीन आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर. फोटोशी माझा संबंध एवढाच की लग्नानंतर दुकानात पासपोर्ट फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. मी बाई असल्यामुळे बायका मोकळेपणानं यायच्या. बुरखेवाल्या बायका पडदा ओढून निवांत चेहरा उघडायच्या, केस नीट करायच्या, "आणखी एक काढ, डोळे मिटले" म्हणायच्या. अशाच एका बाईनं एकदा विचारलं, "माह्या पोरीची मेहंदी हाय. घरात पुरुष फोटोवाला नाई चालत. तू येशीन का?"

मी हो म्हटलं आणि मग घाबरले. दुकानातला कॅमेरा अगदी साधा. नवऱ्यानं ओळखीतून यवतमाळच्या एका फोटोग्राफरकडून वापरलेला मिररलेस कॅमेरा आणून दिला. बरोबर आली ती त्याची साधी छोटी लेन्स. दुकानाच्या उजेडात तिनं फोटो छान काढले, म्हणून मला वाटलं की झालं, आपण तयार आहोत.

मेहंदीचा कार्यक्रम घरातल्या आतल्या खोलीत होता. एक ट्यूबलाइट, तीही हिरव्या पडद्याच्या मागं. फ्लॅश मारला की नवरीचे डोळे मिटत आणि ओढणीची जर पांढरीफट्ट होई. फ्लॅश बंद केला की सगळं अंधारं आणि हललेलं. मेहंदी काढणाऱ्या मुलीचा हात तर प्रत्येक फोटोत धुरासारखा. मुली येऊन कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहायच्या आणि "अच्छा आया" म्हणून परत जायच्या. त्या माझं मन राखत होत्या हे मला कळत होतं.

भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. पांढरा दुपट्टा, जाड भिंगाचा चष्मा. बराच वेळ त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मी जवळून गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुह्या लेन्सचं तोंड लहान हाय," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा तोंडातून इथला उजेड किती जाईन?"

मी चमकले. आजूबाजूला सगळ्या त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत होत्या, म्हणून मीही म्हटलं, "खाला, तुम्हाले कसं मालूम?"

"घरी ये उद्या," एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. जुन्या बसस्टँडच्या मागं त्यांचं घर. पुढच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान भाड्यानं दिलेलं होतं. पूर्वी तिथं त्यांच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. ते वारले, स्टुडिओ बंद झाला. घरात त्या आणि त्यांची सून. मुलगा कामानिमित्त नागपूरला. सुनेशी त्या हिंदीत बोलत आणि माझ्याशी आपल्या वऱ्हाडीत.

त्या दिवशी मला कळलं की या बाईनं कितीतरी वर्षं दारव्हा, दिग्रस, नेरपर्यंतच्या घरांत बायकांच्या बाजूचे फोटो काढले होते. नवरा मर्दान्यात, त्या जनान्यात. त्यांना कॅमेरा नवऱ्यानंच शिकवला होता. "त्याईले आत येता येत नव्हतं, आन् आतल्या बायकाईले तर फोटो पायजे होते," त्या म्हणाल्या. "मंग मलेच शिकवलं. दुसरं कोण होतं?"

मग त्यांनी सुनेला सांगून फडताळातून एक स्टीलचा डबा काढवला. शेव-चिवड्याचा असतो तसा, घट्ट झाकणाचा. आत बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या आणि मलमलच्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन लेन्स. एक पन्नास मिलिमीटरची, जिला नुसतं पन्नासची म्हणतात, आणि एक लांबचे फोटो काढायची. कॅमेरा केव्हाच जाम होऊन गेला होता, पण लेन्स त्यांनी जपल्या होत्या. उन्हाळ्यात गच्चीवर शेवया वाळत घातल्या की शेजारी या दोघींनाही फडक्याखाली थोडं ऊन द्यायच्या, बुरशी धरू नये म्हणून. मी पन्नासची लेन्स हातात घेतली. जड होती. रिंग फिरवली तर तुपात बोट फिरावं तशी फिरली. काच अशी स्वच्छ की आत पाहिलं तर खिडकी उलटी दिसली.

"ने," खाला म्हणाल्या. "इथं डब्यात काय करून राह्यली ते?"

मी तिथंच कॅमेऱ्याला लावून पाहिली. बसेना. तिचे दात वेगळे, माझ्या कॅमेऱ्याच्या खाचा वेगळ्या. "नाई बसत, खाला. कंपनी येगळी हाय." माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी लेन्स परत घेतली नाही. माझी मूठ बंद केली आणि म्हणाल्या, "आज नाई बसत तं उद्या बसन. तू घेऊन तं जाय."

घरी आल्यावर नवऱ्यानं दुकानाच्या कॉम्प्युटरवर शोधलं. अशा कामासाठी अडॅप्टर मिळतो हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. एका बाजूनं या कंपनीच्या खाचा, दुसऱ्या बाजूनं त्या कंपनीच्या. त्यानं मागवला. कुरिअरवाला आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, पिठाच्या हातानंच खोकं फोडलं. रिंग कॅमेऱ्यावर बसली, रिंगवर लेन्स बसली, खट्ट आवाज झाला. आणि शटर दाबलं तर कॅमेरा म्हणतो, लेन्स लावा.

"लावली आहे ना रे बाबा," मी त्याला म्हणाले.

सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणते तो?"

"लेन्स नाई म्हणते."

"म्हंजे त्याले दिसत नाई का एवढी मोठी?"

नवऱ्यानं समजावलं की जुन्या लेन्सला तारा नसतात, त्यामुळे लेन्स आली हे कॅमेऱ्याला समजतच नाही. तो सेटिंगमध्ये शिरला. संध्याकाळ गेली. शेवटी एका कोपऱ्यात सापडलं की लेन्स नसतानाही फोटो काढू द्यायचा की नाही. त्यानं 'हो' केलं. मी समोर बसलेल्या सासूबाईंवर रोखून शटर दाबलं. फोटो उमटला. त्यांचे डोळे, भुवईतला पांढरा केस, कपाळाची आठी, सगळं एकदम स्पष्ट. मागची भिंत लोण्यासारखी विरघळून गेलेली. मी त्यांना दाखवला.

त्यांनी निरखून पाहिलं. "आन् माहे कान कुठं गेले?"

खरंच, कान धूसर झाले होते. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असलं की एवढंसंच स्पष्ट येतं, बाकी सगळं मऊ होतं. आम्ही तिघंही हसत सुटलो. आमच्या घरात आजही फोटो चांगला आला की कोणीतरी विचारतं, कान आले का?

आता खरं शिकायचं होतं. या लेन्सवर सगळं हातानं. फोकस आपणच लावायचा, उजेड कमी-जास्त करायची कडी आपणच फिरवायची. कॅमेरा एवढीच मदत करतो की जिथं फोकस बसला त्या कडांवर लाल रेघा दाखवतो. त्या लाल रेघा धरून धरून मी रडकुंडीला आले. माणूस एवढा वेळ थांबत नाही. मी रिंग फिरवून चेहऱ्यावर आणेपर्यंत चेहरा वळलेला असे. माहेरी गेले तेव्हा शेतात फिरून पाहिलं. जवळचं कपाशीचं बोंड सुंदर यायचं, धागा न् धागा. पण दूरची पळसाची झाडं काही केल्या स्पष्ट होईनात. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी नाही. अडॅप्टर केसभर जाड असला की असं होतं हे मला नंतर समजलं. तेव्हा वाटलं, लेन्स बिघडली, आपण खालाची वस्तू बिघडवली.

घाबरत त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुले दूरचं कायले पायजे? आपलं काम घरातलं."

त्यानंतर मी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. दुकानात गर्दी नसली, घरचं आवरलं की जायचे. त्या अंगणात मेथी निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, "मी हालतो, तू पकड." मुद्दाम मान वळवायच्या, भाजी खाली ठेवायला वाकायच्या, सुनेला हाक मारायला मागं पाहायच्या. मी रिंग फिरवत राहायची आणि चुकत राहायची.

"रिंग नको फिरवू सारखी," त्यांनी एकदा सांगितलं. "रिंग एक बार लावायची. मंग आपुनच थोडं पुढं, थोडं मागं व्हायचं. झोक्यावर बसल्यासारखं. चेहरा आला की दाबायचं."

मी तसं केलं. खांदे सैल सोडून थोडी पुढं झुकले, लाल रेघ त्यांच्या पापण्यांवर आली, मी शटर दाबलं. मेथीची काडी त्यांच्या बोटांत अर्धवट तुटलेली, आणि डोळे लख्ख. स्क्रीन त्यांच्यासमोर धरली तर त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "तूच सांग कसा आला. मले नीट नाई दिसत."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सून ऑपरेशन करू म्हणायची, त्या टाळायच्या. डोळ्याला कोणी हात लावणार या कल्पनेनंच त्यांना धडकी भरायची. कॅमेरा हातात घ्यायला मी किती वेळा म्हटलं, पण "छिद्रातून मले धुकं दिसते" म्हणून त्या नकार द्यायच्या.

एक दिवस माझा फोन वाजला. कॅमेरा त्यांच्या मांडीवर ठेवून मी दारापाशी गेले. स्क्रीन चालूच राहिली होती, आणि फोकस नीट दिसावा म्हणून मी ती मोठी करून ठेवलेली होती. समोर त्यांची सून तारेवर कपडे वाळत घालत होती. मी फोनवर बोलत मागं पाहिलं तर खाला कॅमेरा दोन्ही हातांत धरून, स्क्रीन नाकापासून वीतभर अंतरावर आणून पाहत होत्या.

"हे लाल काय हाय?" त्यांनी विचारलं.

"फोकस आहे तिथं लाल दिसते, खाला."

त्यांनी कॅमेरा सुनेकडे वळवला. डावा हात आपोआप लेन्सखाली गेला. अंगठा आणि पहिलं बोट रिंगवर. माझ्यासारखी चाचपड नाही की घाई नाही. रिंग थोडी डावीकडे, किंचित परत. कोपरं बरगडीला टेकली. सुनेनं ओली चादर झटकली, आणि शटरचा आवाज झाला.

"आला का?" त्यांनी मला विचारलं. आवाज लहान मुलीसारखा.

मी फोन तसाच कापला. फोटो पाहिला. चादरीतून उडालेलं पाणी उन्हात थेंब थेंब दिसत होतं आणि त्यामागं सुनेचा चेहरा, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. मी म्हटलं, "खाला, माह्यापेक्षा चांगला आला." सून धावत आली, तिनं पाहिलं आणि "अम्मी!" म्हणून त्यांच्या गळ्यात पडली. खाला हसत होत्या, रडत नव्हत्या. मीच डोळे पुसत होते. छिद्रातून पाहायचा जुना कॅमेरा त्यांना परत कधीच वापरता आला नसता. या कॅमेऱ्यानं त्यांची लेन्स ओळखली नाही, पण त्यांना पाहायला वीतभर अंतरावर मोठी स्क्रीन दिली. त्यासाठी मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद दिले.

पुढच्या महिन्यात दिग्रसला एका घरी हळद होती. मी खालांना म्हटलं, चला. त्या नाही म्हणाल्या, मग सुनेला विचारा म्हणाल्या, मग सकाळी माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही काळीपिवळी जीपमधून गेलो. कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी सारा रस्ता मांडीवर धरून ठेवली.

त्या घरात शिरताच बायकांनी त्यांना ओळखलं. एक पोक्त बाई पुढं आली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माह्या लग्नाचे फोटो यायनंच काढलते." तिनं खालांचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला. त्यानंतर मला कोणी विचारलं नाही की तू कोण, कुठली, फोटो कोणाला दाखवशील. खालाबरोबर आलेली, एवढं त्यांना पुरलं. तो विश्वास त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामाचा होता आणि मला आयता मिळाला. मी तो मोडणार नाही एवढं तिथंच ठरवलं. आजही ते फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर जात नाहीत. मी घरी बसून नीट करते, कार्ड त्या घरच्या बाईच्या हातात देते आणि माझ्याकडचं पुसून टाकते. हेही खालांनीच शिकवलं.

कॅमेरा एकच होता, म्हणून आम्ही वाटून घेतलं. सगळं घर, सगळ्या बायका एकत्र, अंगण, ताटं, हे मी छोट्या लेन्सनं काढायचं. हळद लावायची वेळ आली की पन्नासची लेन्स आणि खाला. त्यांच्यासाठी खुर्ची कुठं ठेवायची ते त्यांनी आल्या आल्याच पाहून घेतलं होतं. पाठ भिंतीला, खिडकी डाव्या हाताला. त्यांनी नवरीसाठी मांडलेल्या पाटाच्या कडेवर फोकस लावला, मला म्हणाल्या, "आता कोणी माह्यासमोर येऊ नको," आणि वाट पाहत बसल्या.

नवरीला आणलं. आधी मोठ्या बायकांनी हळद लावली, गाणी झाली. नवरी सगळा वेळ मान खाली घालून. मग तिच्या धाकट्या बहिणीनं मागून येऊन दोन्ही गालांना हळद फासली. नवरी किंचाळून हसली, तिनं डोकं मागं टाकलं, आणि त्याच क्षणी शटर वाजलं. खाला थोड्या पुढं झुकल्या होत्या. मला शिकवलं तशाच.

तो फोटो त्या घरात मोठा करून बायकांच्या खोलीत लावलाय. मी दुसऱ्या कोणाला दाखवत नाही, म्हणून इथं नुसतं सांगते की त्यात नवरीचे दात, हळदीनं माखलेला कान आणि तिच्या गालावरची बहिणीची बोटं, सगळं आलंय. कानसुद्धा.

परत येताना गाडीत खालांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. दारव्हा जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या ऑपरेशनले येळ किती लागते?"

"लय नाई लागत, खाला."

"दुखते?"

"नाई म्हणतात."

"तू येशीन संग?"

मी आणि त्यांची सून त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. आत जाताना त्यांनी माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की नर्सनं ते सोडवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा त्या आधी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "भित निळी काहून केली?" भिंत पांढरी होती, कालही पांढरीच होती; मोतीबिंदू काढला की पांढरं काही दिवस निळसर दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. मग सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाल्या, "तू तं लय गोरी हाय वं." सून लाजली.

घरी आल्यावर मी त्यांना त्यांनीच काढलेला चादरीचा फोटो पुन्हा दाखवला.

"हे चादर पांढरी होती?" त्यांनी विचारलं.

"हो. मंग कोणती वाटली होती?"

"पिवळी." त्या हसत सुटल्या. "मी म्हटलं, पोरगी चांगली हाय, पण हिचे सगळे फोटो पिवळे काहून येतात? तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाई."

काही महिन्यांनी दुसरा डोळाही झाला. आता त्या कॅमेरा डोळ्याला लावतात, पण स्क्रीनच जास्त आवडते. मीही माझ्या कंपनीची एक नवी ऑटोफोकस लेन्स घेतली. तिच्यावर काम भराभर होतं, चेहरा ती स्वतः शोधते. मैदानातल्या मांडवात तीच लावते. आतल्या खोलीत मात्र पन्नासची. तिच्यात ओढणीच्या जरीला चमक येते पण डोळ्यांत खुपत नाही, आणि म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यांशी ती फार मायेनं वागते. मी लेन्स परत द्यायला गेले तर खाला ऐकत नाहीत.

मी कोणाकोणाची ऋणी आहे हे कधीकधी मनात मोजते. पडदा ओढून पहिल्यांदा "येशीन का" विचारणारी ती बाई. संध्याकाळभर सेटिंग शोधणारा माझा नवरा. मी लग्नांना जाते तेव्हा माझं घर सांभाळणाऱ्या सासूबाई. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ते खालांचे यजमान, ज्यांनी आपल्या बायकोच्या हातात कॅमेरा दिला. आणि खाला. त्यांनी मला लेन्स दिली असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्यांनी मला माझं काम दिलं.

गेल्या आठवड्यात नेरला एका लग्नात होतो. जेवणं सुरू झाली. फोटोवाल्यानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, गार झालेलं, उभ्या उभ्या, हे आमच्या धंद्यात ठरलेलंच असतं. मी पंगतीचे फोटो काढत होते. खाला उठून आल्या, माझ्या गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

"जाय, जेवून घे आधी. भाजी गरम हाय," त्या म्हणाल्या. "इथं मी पाहतो."

मी सतरंजीवर बायकांच्या मध्ये जाऊन बसले. कोणीतरी पत्रावळीवर गरम भात वाढला. समोर खाला खुर्ची सरकवत होत्या, पाठ भिंतीला, खिडकी डाव्या हाताला. मी पहिला घास घेतला आणि शेजारच्या बाईला म्हटलं, "जरा मीठ द्या इकडं."